काळकाईच्या राईतली माती

झांज जरा खाली ठेवा. पखवाज थांबू द्या. मंडळी, मी एक प्रश्न विचारतो, पण उत्तर लगेच देऊ नका. लगेच दिलेलं उत्तर बहुधा आपल्या सोयीचं असतं!

प्रश्न असा — समोरचा 'नाही' म्हणाला नाही, म्हणजे तो 'हो' म्हणाला का?

बघा, बाया हसतायत आणि बाप्ये खाली बघतायत. म्हणजे उत्तर मिळालं मला! पण ते झालं घरातलं. आता रानातलं ऐका.

डोंगराच्या उताराला घोळवाडी नावाचं गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला काळकाई देवीची राई. राई कशी? भर दुपारी आत पाऊल टाकलं की दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं! आणि तिथला एकच नियम होता — राईतलं काही बाहेर न्यायचं नाही. लाकूड नाही, फळ नाही, वाळलेलं पानसुद्धा नाही. दर्शन घेऊन माणसं परतली की राईच्या वेशीच्या दगडापाशी थांबायची आणि एकेक पाय उचलून तळवा झटकायची. बाया लुगड्याचा काठ झटकायच्या. पायाला चिकटलेली मातीसुद्धा तिथंच ठेवून जायचं. का, ते कुणी विचारत नसे.

या गावात कोंडिबा मरगळे राहायचा. घरामागे त्यानं औषधी झाडं लावली होती — अडुळसा, तुळस, अश्वगंधा, शतावरी. कुणाला खोकला झाला, बाळंतिणीला दूध कमी पडलं, की लोक कोंडिबाच्या परसात. आणि मुख्य गिऱ्हाईक घरातच! त्याची बायको ठकूबाई, तिला दमा. अडुळशाच्या काढ्यावर तिचा श्वास चालायचा.

झाडांना खत कुठलं? विकतचं नव्हे. पिंपात शेण, गोमूत्र, काळा गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती आणि पाणी. सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. काही दिवसांनी पाण्यातून झाडाला द्यायचं. खर्च जवळजवळ काही नाही, पण वास? नाक असलेल्या माणसाचं कामच नव्हे ते! आणि ते पिंप ढवळायचं कोण? कोंडिबा? छे! कोंडिबा झाडांचा वैद्य. ढवळायची ठकूबाई. दम लागलेला, एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हातात काठी.

एका वर्षी दमा बळावला. काठी तिच्या हातातून सुटायला लागली. आता कोंडिबानं काय करावं? स्वतः ढवळावं, एवढं सोपं उत्तर! पण सोपं उत्तर आपल्याला सुचतं का कधी? त्याची नजर वर राईकडे गेली. गुडघाभर पालापाचोळा, खाली काळीभोर, गार, भुसभुशीत माती. आयतं खत! फुकट, आणि ढवळायला नको!

पण नियम? कोंडिबा पापभीरू माणूस. तो राईतल्या देवळात देवीकडे कौल लावायला गेला. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना तगरीची दोन ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. कोंडिबा हात जोडून बसला. बसला, बसला, पायाला मुंग्या आल्या. उजवं पडेना, डावं पडेना. आणि मग त्यानं मनाशी काय म्हणावं? म्हणाला, आई नाही म्हणाली नाही. बायकोच्या औषधासाठीच तर नेतोय. म्हणजे तिचं होच आहे!

त्यानं पाटी भरली आणि राईबाहेर आला. वेशीपाशी पाय मात्र सवयीनं झटकले. डोक्यावर पाटीभर माती, आणि तळव्याची झटकतोय! हसू नका. आपण सगळे असेच पाय झटकतो.

पाटीमागून पाटी गेली. परसातले सगळे वाफे काळे झाले आणि झाडं अशी तरारली की काय सांगू! अडुळसा छातीला लागला. तुळशीची पानं तळहाताएवढी. लोक बघायला यायचे. पण थोडा वेळ उभे राहिले की निघून जायचे. का? तर त्या परसात वास नव्हता. तुळस चुरगळली तरी वास नाही! एक मधमाशी नाही, मुंगी नाही. आणि वारा पडलेला असताना पानं सळसळायची — सगळी एकाच दिशेला झुकून. राईच्या दिशेला.

कोंडिबानं तिकडे लक्ष दिलं नाही. त्यानं नव्या अडुळशाचा काढा केला आणि ठकूबाईला पाजला.

खोकला थांबला! धाप थांबली, छातीतली घरघर थांबली. कोंडिबाला आभाळ ठेंगणं झालं. चार-सहा दिवस तो गावभर सांगत फिरला. मग एका दुपारी घरात बसला असताना त्याच्या ध्यानात आलं, की घर फार शांत आहे. ठकूबाई उंबऱ्यात बसली होती, तोंड राईकडे. छाती हलत होती, पण श्वासाचा आवाज नव्हता. त्यानं जवळ जाऊन तिच्या नाकापाशी हात धरला. श्वास येत होता. गार! आणि त्याला वास होता कुजलेल्या पानांचा.

घाबरून त्यानं विचारलं, बरं वाटत नाही का. ठकूबाईनं मान वळवली नाही. हळू म्हणाली, "धाप लागत न्हाई आता. पर मी घेते त्यो श्वास माझा वाटत न्हाई वो."

मंडळी, बायको समोर बसलेली असताना ती हरवल्यासारखी वाटणं, याहून भयाण काही आहे का? त्यानं काढा बंद केला, पण फरक पडेना. ती जेवेना, बोलेना. संध्याकाळी अंगण झाडायची, तर केर गोळा करायची नाही. राईच्या दिशेनं लोटत राहायची.

अशात रावजी गुरव दारात आला. आत येईना. बाहेरूनच म्हणाला, "कोंडिबा, तुझी फुलं अजून पडली न्हाईत."

कोंडिबाला आधी कळलंच नाही. रावजीनं सांगितलं — रोज देवीला अंघोळ घालतो, डोक्यावरून पाणी ओततो, पण ती दोन फुलं जागची हलत नाहीत. सुकतही नाहीत. हात लावायचा धीर होत नाही मला.

कोंडिबा धावत वर गेला. देवीच्या खांद्यांवर तगरीची दोन फुलं — पांढरीशुभ्र, आत्ता खुडल्यासारखी! कौल लावल्याला अख्खा पाऊसकाळ सरून गेला होता, मंडळी. तेव्हा कुठं कोंडिबाला कळलं. देवीनं हो म्हटलं नव्हतं. ती गप्प राहून बघत होती, हा काय करतो ते!

त्यानं परत येऊन कुदळ घेतली. झाडं उपटली, तर सगळ्यांची मुळं एकाच बाजूला वाढलेली — डोंगराकडे! त्यानं झाडांसकट वाफे खरवडले आणि पाटी पाटी करून माती वर नेली. शेवटची पाटी ओतली तेव्हा दिवस कलला होता. फुलं तशीच. मग त्याला उमगलं, की सगळं परत आलेलं नाही. काढ्यातून जे ठकूबाईच्या अंगात गेलं, ते कुठल्या पाटीत भरायचं? तो वेशीच्या दगडापाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. म्हणाला, आई, चूक माझी, तिला सोड.

मागे पाचोळा वाजला. ठकूबाई चढ चढून आली होती, अनवाणी. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. वेशीच्या दगडापाशी उभी राहिली आणि राईच्या आत तोंड करून तिनं श्वास सोडला. एकच, लांबच लांब! माणसाच्या छातीत एवढा श्वास मावतच नाही. झाडाचं पान हललं नाही, पण जमिनीवरचा पाचोळा आतपर्यंत सरसरत गेला, कुणी चालत घरी गेल्यासारखा.

आणि मग — ठकूबाई खोकली! तीच जुनी घरघर, तीच धाप. वाकून छाती धरली तिनं. आणि कोंडिबा? बायकोचा दमा ऐकून आनंदानं रडलेला नवरा तुम्ही पाहिलाय का? तो रडला. तिला धरून म्हणाला, "खोक. माझे बाई, खोक."

रावजी गाभाऱ्यातून बाहेर आला. डावं फूल पडलं होतं. उजवं होतं तिथंच वाळलं.

पुढे काय? पुढे पिंप! शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि आपल्याच बांधाची माती. आता काठी कोंडिबाच्या हातात. नव्यानं लावलेला अडुळसा हळू वाढला, कमरेएवढाच झाला, पण त्याला कडू वास होता आणि फुलांवर मधमाश्या होत्या. ठकूबाईचा दमा काही गेला नाही. पण काढा घेतला की उतार पडायचा, आणि येणारा श्वास तिचा असायचा.

म्हणून विचारतो. तुमची जमीन बोलते का? नाही. ओढा बोलतो? नाही. आणि घरात चुलीपाशी खोकत उभी आहे, ती 'नाही' म्हणाली का कधी? मग तिचा होकार तुम्ही कुठून आणलात?

चला, आता उठा. जाताना एकेक पाय उचलून तळवा झटका आणि इथली माती इथंच राहू द्या. घरी जाल, तेव्हा दार उघडायच्या आधी जरा उंबऱ्याबाहेर थांबा. आतल्या माणसाच्या श्वासाचा आवाज येतोय का, तेवढा ऐका.