दारात दहापर्यंत

—नाही नाही ताई, पोरीवर रागावू नका. ‘ए मॅडम, पानी दे’ म्हणली तर काय झालं? तहान लागली तिले. आपल्यात आजीलेही पोट्टे ‘तू’च म्हणतात, त्यात काय वाईट? बसा तुम्ही. खालची पाटी वाचून आल्या ना, ‘लहान मुलांसाठी इंग्रजी बोलणे व शिष्टाचार’? पाटी काढायची राहूनच गेली. काहून बंद केला क्लास? काही नाही, असंच — घरची कामं वाढली.

सोनिका होती ना माझ्याकडे. सात वर्षांची. तिची आई मोनाली, मिहानमधल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाले जाते. सोनिका अन् चार वर्षांची गुंजन, दोघी बहिणींले एकाच इंग्रजी शाळेत टाकलं तिनं. पहिल्याच महिन्यात सोनिका म्हणली, ‘टीचर, कम हिअर, गिव्ह मी बुक.’ शब्द बरोबर होते हो! घरी कशी म्हणते, ‘ये ना वं, पुस्तक दे’ — तसंच लाडानं म्हणली. पण इंग्रजीत ते लाडाचं लागत नाही. वर्ग हसला. टीचरनं डायरीत लिहिलं, पोरगी उद्धट आहे. मोनाली रडत आली माझ्याकडे.

मग शिकवलं मी. दारात उभं राहायचं. हळू आवाजात ‘एक्स्क्यूज मी मॅम’. मॅम बोलत असली तर मधात तोंड घालायचं नाही, मनात दहापर्यंत मोजायचं, मग पुन्हा ‘एक्स्क्यूज मी’. हे दहाचं कोणत्या पुस्तकात नाही, माझंच डोकं. सुरुवातीले धावत येई, ओरडे — ‘मॅडम, मॅडम, पाह्य ना!’ मी म्हणे, ‘जा, परत जा, नीट ये.’ एका दिवशी वीस-वीस वेळा. तीन महिन्यांत अशी तयार झाली, की शाळेत बक्षीस भेटलं, नम्र बोलण्याचं. मी सगळ्या गल्लीले सांगत फिरली.

मग एक दिवस शाळेच्या मधल्या सुटीत गुंजन टाक्यात पडली. इमारतीच्या मागं, जमिनीतला पाण्याचा टाका, झाकण उघडंच. सोनिकानं पाहिलं. पळत गेली स्टाफरूमपर्यंत — अन् दारात थांबली. मॅम फोनवर. बोट वर केलं, थांब म्हणून. थांबली ती. दहा मोजले. ‘एक्स्क्यूज मी मॅम.’ पुन्हा बोट. पुन्हा दहा. किती वेळा, ते तिलेच आठवत नाही. फोन ठेवला तवा सांगतलं, ‘मॅम, माय सिस्टर इज इन द वॉटर, प्लीज.’ पूर्ण वाक्य, ताई. एक चूक नाही.

हो. गेली गुंजन. ती मॅम चौकशीत म्हणली, ‘इतकी शांत उभी होती, मला वाटलं बाथरूमला जायचं असेल.’ खोटं नाही बोलली ती. घाबरलेलं पोट्टं कसं बोलते, तेच तर मी रोज इथं, या दारात पुसून काढलं होतं. ते दारात थांबून दहा मोजणं मोनालीले वाटते शाळेनंच शिकवलं असंल. मी सांगतलं नाही. चौकशीवाल्यांनी क्लासबद्दल विचारलं, तवा मी म्हणली, ‘मी फक्त शब्दार्थ घेते.’ आजवर कोणालेच — तुम्हाले काहून सांगून राहिली मी?

पंधरा दिवसांनी आली होती सोनिका. दारातच उभी. म्हटलं, ‘ये ना वं बाई, आत ये.’ येईना. ओठ हलत होते — मोजून राहिली होती. मग विचारलं, ‘मॅडम, ओरडायचं असलं तर प्लीज आधी म्हणायचं का नंतर?’

मी बिस्किट दिलं. बिस्किट दिलं मी, ताई! ‘थँक यू मॅम’ म्हणून गेली.

मोनाली सांगते, आता घरीही तसंच. ताप आला तरी आईच्या बाजूले येऊन चूपचाप उभी राहते. आईनं पाहिलं तरच बोलते.

नाही, नाही घेणार मी तुमच्या पोरीले. दुसरीकडे कुठं पाठवायचं, तेही मले विचारू नका. उठा ताई. घरी न्या तिले. अजून काहून बसल्या? जा म्हणते ना!