गुडवेगताईंची घोडी

चेनसॉच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे दोघं शेजारी उभे होते, गुडवेगताई आणि हालवोर.

"काय हालवोर, परत धार लावायला?"

"तिसरी साखळी, ताई. ओंडके ठेवायची घोडी लोखंडाची केली. हात जरा खाली गेला की साखळी बोथट."

"आणि वसंतात माझ्या घोडीला काय म्हणाला होतास?"

"मोडकी खाट."

"तिच्यात एक खिळा नाही, सगळ्या बर्चच्या लाकडाच्या खुंट्या. तिच्यावर दहा ओंडके एकदम कापते. करवत लागली तर लाकडालाच."

"मग तुम्ही इथे कशाला?"

"करवतीचं तेल संपलं. सरपणाची रास छपराला टेकली."

"शनिवारी ती खाट देता का?"

"आधी घोडी म्हण."

"घोडी."

"मागच्यांना ऐकू गेलं नाही."