पांडूकाकांचा तळहात

नुसत्या हाताने रोग ओळखणारा माणूस मी एकदाच पाहिला. भाच्याच्या पिकअपमधून बर्फातली कोळंबी मुंबईला चालली होती, सोबतीला मी, आणि कर्नाळ्याच्या चढावर गाडीची ओढच गेली. पहिल्या मेकॅनिकने फिल्टर बदलला आणि मग दृष्ट लागल्याचं निदान केलं. बर्फ वितळत होता.

दुसरे मेकॅनिक पांडूकाका. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला.

"गाडी श्वास घेते, सोडत न्हाय. धूर साफ करनारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काजळीने तुंबलाय."

त्यांनी कन्व्हर्टरच्या अलीकडचा जोड सैल करून धुराला वाट दिली. गाडी गर्जत चढ चढली, मला खालीच ठेवून.

"काका, हे शिकलात कुठे?"

"मिठागरात. उघाडीच्या, म्हंजे बांधातल्या झडपेच्या, दारातून पानी भाईर किती जातंय, त्येच बघायचं."

छत्तीस वर्षं मी कचेरीत आवक-जावक रजिस्टर सांभाळलं. जावक बघायची असते, हे त्या दिवशी कळलं.