चष्मा आला आणि हाका थांबल्या

आमची वाडी कोळवणच्या खोऱ्यात, मोठा रस्ता सोडून खाली उतरलं की दोन्ही बाजूंनी भातखाचरं, मधून एक अरुंद सिमेंटचा रस्ता, आणि त्याच्या टोकाला आमचं पत्र्याचं घर. स्वतःचं खाचर एकच, तेही डोंगराच्या अंगाला, पाणी धरायचंच नाही, म्हणून आई लावणीला दुसऱ्यांच्या रानात आणि आबा दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर. त्यात मी झाले, मी वैशाली, जन्मापासून डोळ्यांत उजेड नाही. आई मला लावणीला न्यायची आणि बांधावरच्या झाडाला जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधून ठेवायची, रांगत पाण्यात जाऊ नये म्हणून. चुलती म्हणायची, वासरू बांधल्यागत पोर बांधतीस, बरं दिसतं का? आई म्हणायची, मग तू ये राखायला, तू आलीस की सोडते. चुलती काही आली नाही.

मग मला पाय फुटले, आणि घरात कोण बांधून ठेवणार हो? रस्त्यात खेळत होते तर एक बैलजोडी अगदी अंगावरून गेली, हाकणारा मुक्यानं चाललेला. माझी आई म्हणजे चार माणसांत तोंड वर न करणारी बाई, पण शनिवारी मारुतीच्या देवळात सगळी वाडी जमलेली असताना उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या वैशीला तुमी दिसत न्हाई, पण तुमाला ती दिसती ना? मग तोंड उघडा. नाव सांगा, संगं काय हाय ते सांगा, आन् मग पुढं जा. जो मुक्यानं जाईल त्याला मी सोडणार न्हाई. आणि खरंच सोडलं नाही, सरपंचालासुद्धा एकदा परत बोलावून नाव सांगायला लावलं. तेव्हापासून वाडीला सवयच लागली. मी सुलाकाकू, डोक्यावर गवताचा भारा हाय. मी बबनतात्या, बैल मारका हाय, बांधाकडं सरक. पोरं चावटपणा करायची, मी तहसीलदार म्हणायची, मग मी म्हणायची, या साहेब, पण शेणाचा वास मारतोय, आंघोळ करून या.

पुढं पुण्यात अंध मुलींच्या शाळेत घातलं, वसतिगृहात राहिले, ब्रेल शिकले, कॉलेज केलं आणि बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, हे मी कुणालाही छाती काढून सांगते. आबांनी जीपमधल्या सगळ्या पॅसेंजरांना पेढे वाटले. पण काय सांगू तुम्हाला, आई शाळेत गेलीच नाही, आबा दुसरीतून पळाले, पाट्या ओळखतात पण कागद वाचता येत नाही. म्हणजे घरात चांगले चार डोळे, एक पदवीधर, आणि साध्या कागदावरचं अक्षर कुणालाच वाचता येत नव्हतं. औषधाची पट्टी घेऊन आई शेजारी जायची आणि मी पदवी घेऊन घरात बसायची.

नोकरी लागली भूगावला, एका मोठ्या सोसायटीच्या ऑफिसात. फोनवर तक्रारी घ्यायच्या, बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर टाकायच्या. लिफ्ट बंद आहे, पाणी आलं नाही, वरच्यांचा कुत्रा भुंकतोय, दिवसभर हेच. मला ते काम आवडलं. पण सोडायला आबा यायचे, त्यांचे सकाळचे पॅसेंजर बुडायचे, आणि जीपचा मालक म्हणायला लागला, गाडी धंद्याची हाय का पोरीची? ऑफिसातल्या मॅडम तशा चांगल्या, पण त्यांनीही एकदा बसवून सांगितलं, वैशाली, तुझ्या कामाला नाव ठेवायला जागा नाही, पण तुझं येणं वडिलांच्या जीपवर आहे. पावसाळा संपला की कायम करायचं का ते ठरवू, तोवर एकटी येऊन दाखव. एकटी म्हणजे वाडीपासून स्टॉपपर्यंत चालत, तिथून एसटीनं भूगाव. नाही जमलं तर परत घरात.

आमच्या खोऱ्यात एका ताईंचं फार्महाऊस आहे, आई तिथं साफसफाईला जाते. त्यांनी ऐकलं आणि परदेशातून माझ्यासाठी तो चष्मा आणला. त्याच्या काडीत कॅमेरा, समोर काय आहे ते कानाशी बारीक आवाजात हिंदीत सांगतो. घातला तर म्हणाला, सामने करीब साठ साल की महिला है, मुस्कुरा रही है. मी ते मोठ्यानं म्हणून दाखवलं, आबांनी आईला अर्थ सांगितला. आई म्हणाली, साठ? पन्नाशी न्हाई गाठली अजून मी! म्हणावं त्याचेच डोळे तपासून आण. आम्ही पोट धरून हसलो. पण मला आईचं हसणं तोवर आवाजाचंच ठाऊक होतं. ती आवाज न करताही हसते हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी घरातलं दिसेल ते वाचत सुटले. आबांच्या गाडीचे कागद वाचले, लाइटबिल वाचलं, फळीवरची डबडी वाचली. आई गुडघ्याला कधीपासून चोळत होती ते मलम निघालं खाजेचं. आई म्हणाली, तरीच म्हणलं, दुखायचं थांबना, पण गुडघा कसा कधी खाजत न्हाई! तेव्हापासून शेजारी पट्टी घेऊन जाणं बंद. आमच्या घरात वाचणारी मी.

चष्म्याचा बोभाटा वाडीभर झाला. वैशीला दिसाया लागलं म्हणे. माझ्याही डोक्यात जरा वारं शिरलं, सोमवारी सकाळी काठीची घडी करून पिशवीत टाकली, चष्मा लावला आणि एकटी निघाले. खाचरं लावणीनं भरलेली, चष्मा आपला म्हणतोय, दोनों तरफ तालाब है. म्हटलं, असू दे बाबा, तुला भात काय ठाऊक. पण रस्ता कसा गपगार. एक हाक नाही. मला वाटलं सगळे लवकर रानात गेले असतील. चष्मा चालतो मोबाईलच्या नेटवर. चढावर मोबाईलची रेंज जाते, ती गेली, आणि रेंज गेली की चष्मा मुका. चार पावलं गेले असेन, गुडघा लोखंडावर आपटला, तो बबनतात्यांचा पॉवर टिलर रस्त्यातच उभा होता, आणि मी ऑफिसच्या ड्रेससकट चिखलात.

तेवढ्यात अगदी जवळून आवाज आला, अगं बया, पडली की! सुलाकाकू. बबनतात्याही तिथंच, ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर दोघं बसलेले. मी म्हटलं, तात्या, हाक का नाही मारली? तात्या म्हणाले, मी मारणारच हुतो, हिनं गप केलं. सुलाकाकू रडकुंडीला आलेली. म्हणाली, पोरी, मला वाटलं तुला आता दिसतंय, कशी ताठ चाललेलीस, आमी कौतुकानं बघत बसलो. म्हणलं, आता हाक मारली तर तुझा अपमान व्हायचा.

इतक्यात वर एसटीचा हॉर्न वाजला आणि गाडी गेली. घरी आले तर आबा म्हणाले, ऱ्हाऊ दे ती नोकरी, पोर धड ऱ्हायली तरी पुरे. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, आजची सुट्टी धरते, पण असं परत परत नाही चालणार. आईनं माझा चिखल धुतला, कपडे बदलले आणि चपला घालायला लागली, म्हणाली, जाते, एकेकाला बघते. मी म्हटलं, आई, तू एकदा बोललीस, आता मी बोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर गेले, दूध घालायला सगळी वाडी तिथं असते. म्हटलं, मला काही दिसायला लागलेलं नाही. हाका थांबवू नका. तात्या म्हणाले, मग त्यो चष्मा हाय कशाला? दिऊन टाक ताईंना परत. मी म्हटलं, तात्या, चष्मा वाचायला आहे. रस्त्यात फार तर म्हणेल, एक आदमी खडा है. तो आदमी बबनतात्या आहे आणि त्याचा बैल मारका आहे हे त्याला कोण सांगणार? तात्या म्हणाले, बैल आता गरीब झालाय गं. मागून कुणीतरी म्हणालं, टिलर न्हाई झाला ना पण! सगळी डेअरी हसली, तात्यासुद्धा. आणि त्याच सकाळी स्टॉपवर जाताना, काय सांगू, हाका मोजवेनात, एक जण तर लांबच्या बांधावरनं ओरडला, मी लई लांब हाय, काळजी करू नको!

तुम्ही मघाशी विचारलंत, आंधळ्या माणसाला असल्या नव्या यंत्रांची खरंच गरज आहे का. मी माझ्यापुरतं सांगते. रस्त्याला काठी लागते आणि माणसं लागतात, तिथं चष्मा माझ्या पिशवीत असतो. स्टॉपवर गेले की घालते, एसटीची पाटी चिखलानं माखलेली नसली तर वाचतो बिचारा. ऑफिसात प्लंबर टेबलावर चिठ्ठ्या टाकून जातो, त्या वाचते, आणि तिथं मला कुणाला हाक मारावी लागत नाही. ताई परवा म्हणत होत्या, याच्यापेक्षा भारी निघालाय, आणू का? मी म्हटलं, नको, हा वाचतोय तेवढं बास. पण हा कुणी परत मागितला तर भांडेन मी. ज्यानं बनवला त्याच्या लेकराबाळांचं भलं होवो. फक्त त्यानं एकदा आमच्या खोऱ्यात येऊन रेंजचं बघावं.

दिवाळीच्या आधी मॅडमनी मला कायम केलं. आबा आता आपले पॅसेंजर भरतात. मी सकाळच्या एसटीनं एकटी भूगावला जाते आणि संध्याकाळी एकटी घरी येते.