दोन इंच ओढून घेतलेला पाइप

माझे नाव व राहण्याचा पत्ता वर नोंदवला आहे. वय ३४, धंदा पाइप फिटर, बॉयलर दुरुस्तीच्या कामावर. समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

आमचे फोरमन हे माझे सख्खे मामा आहेत. पाइपकाम मी त्यांच्याच हाताखाली शिकले. जखमी झालेले वेल्डर माझ्या नात्यातले नाहीत. आम्ही बरीच वर्षे जोडीने काम करतो, ते मला ताई म्हणतात.

काल सकाळी वाफेची चार इंची लाइन काटकोनात वळवायची होती. त्यासाठी लांब वळणाचा एल्बो ठरला होता. त्याचे तोंडापासून मध्यापर्यंतचे माप पाइपच्या व्यासाच्या दीडपट, म्हणजे सहा इंच धरतात. ते वजा करून मी दोन्ही पाइप कापले. स्टोअरमधून मात्र आखूड वळणाचा एल्बो आला. त्याचे तेच माप चार इंच. एका बाजूचा पाइप मोकळा होता, तो सरकवता आला. दुसरा बॉयलरकडे पक्का बांधलेला, तिथे दोन इंच फट राहिली.

मी म्हणाले, "मामा, हा एल्बो परत पाठवा, नाहीतर मला मध्ये तुकडा जोडू द्या."

ते म्हणाले, "दुपारी बॉयलर पेटवायचाय. चेन लाव आणि ओढून घे."

"ओढलेला पाइप सुटला तर माणूस जायचा. हे तुम्हीच सांगितलं होतं मला."

"आता तू मला शिकवणार?" असे म्हणून त्यांनी स्वतः चेन लावली. मी हात लावला नाही.

वेल्डर मला म्हणाले, "जाऊ दे ताई, एक टाका मारतो नि मोकळा होतो." ते वाकले तेवढ्यात चेनचा हूक निसटला. पाइप मागे उसळला आणि त्यांचा उजवा हात पाइप व लोखंडी आधारामध्ये चिरडला. ते ओरडले नाहीत. "मशीन बंद करा," एवढेच म्हणाले. त्या हाताला पुन्हा पकड येणार नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे.

दवाखान्यात माझ्यादेखत मामांनी मालकांना सांगितले की, पोरीचे माप चुकले आणि वेल्डरने न विचारता चेन लावली. दोन्ही गोष्टी धादांत खोट्या आहेत. एल्बो अजून जागेवर आहे, कोणीही टेप लावून पाहावे.

इथे येण्यापूर्वी आई मला म्हणाली, "माझा भाऊ आहे गं तो. माप चुकलं म्हण, तुला दोन शब्द ऐकावे लागतील, बस्स." मी विचारले, "आणि त्यांच्या हाताचं काय?" आई पाणी आणते म्हणून आत गेली, ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

मामा आत्ता ठाण्याबाहेर बाकावर बसले आहेत. मला घरी न्यायला आलो, म्हणतात. मी त्यांच्याबरोबर जाणार नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात चेन "वरिष्ठांनी" लावली असे लिहिले होते. तिथे "माझ्या मामांनी" असे करून घेतले. आता तो मी सांगितला तसाच व खरा आहे.