सुसरीची सीट

पुतणी : काका, गाडीतून उतरू नका अजून. पाय कुठवर पोचतात ते बघू द्या.

काका : पोचणारच. या सुसरीत बसून चार वर्षं शर्यती मारल्यात मी. तुझ्या बापाने मला ओल्या प्लास्टरात बसवून सीटचा साचा घेतला होता. हलायचं नाही, हसायचं नाही. पाठ जी गारठली, विचारू नकोस.

पुतणी : मग पेडलपाशी ही बुजवलेली भोकं कसली? पेडलं आधी चार बोटं अलीकडे होती.

काका : चुकून पाडली असतील.

पुतणी : बाबांनी? आईने खिळा मारायला सांगितला तरी आधी पट्टी शोधत बसायचे ते.

काका : तेही खरंच. गाडी बांधली तेव्हा सगळे हसले होते. म्हणे, एवढं लांब नाक, ही वळणार कशी? पहिल्याच वर्षी तीन शर्यती मारल्या, मग बसले गप.

पुतणी : आणि नंतर?

काका : नंतर मागे इंजिन असलेल्या गाड्या आल्या. आम्ही जीव काढून पळायचो आणि त्या आरामात पुढे निघून जायच्या. मग सुसर गेली ताडपत्रीखाली. आता तू ती दुरुस्त केलीस म्हणून बरं. रविवारी जुन्या गाड्यांच्या फेरीत माझी चक्कर पक्की ना? त्या एका आशेवर वर्षभर मुकाट गोळ्या गिळतोय.

पुतणी : पक्की आहे हो. पण काल सीटचं कातडं बदलायला घेतलं, तर तुमच्या साच्याखाली आणखी एक साचा निघाला. अरुंद, आखूड पाठीचा.

काका : कुणाचा?

पुतणी : मी बसून बघितलं. अगदी चपखल बसले. आणि माझी अंगकाठी कुणाची, ते तुम्हीच सांगत असता.

काका : तुझ्या बापाची. पण थांब. तो तर सगळ्या जगाला सांगायचा, गाडी धाकट्यासाठी बांधली म्हणून.

पुतणी : पहिल्यांदा चालवली कुणी?

काका : त्यानेच. सकाळभर फेऱ्या मारत होता. तो जेवायला गेला तेव्हा मी आपली गंमत म्हणून एक मारली. गुडघे स्टिअरिंगला घासत होते. परत आलो तर हा माझ्या फेरीची वेळ मोजत घड्याळ हातात घेऊन उभा. म्हटलं, आता कान उपटतो. तर म्हणाला, "उद्यापासून तूच चालव." आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टर कालवून तयार.

पुतणी : तुम्ही काही विचारलं नाहीत?

काका : कशाला विचारीन? मी हवेत होतो. गुडघे का घासत होते, हे आज तुझ्याशी बोलताना डोक्यात शिरतंय. फार वाईट वाटतंय गं.

पुतणी : बाबा कधी खट्टू दिसले नाहीत मला.

काका : नव्हताच. फक्त प्रत्येक शर्यतीनंतर मला कोपऱ्यात घ्यायचा. वळणावर कशी वाटली, मागची चाकं हलकी झाली का, पोटात गोळा आला का? मला वाटायचं, गाडी बांधणारा माणूस, विचारणारच.

पुतणी : पाणी देऊ का काका?

काका : नको. हात दे, उतरव मला. माझा साचा न मोडता निघेल का?

पुतणी : निघेल. पण रविवारी तुम्ही...

काका : पेडलं अलीकडे घे आणि तू बस. मी कडेला उभा राहतो. तिथून त्याला काय दिसायचं, ते एकदा बघू दे मला.