खोट्या उपवासाची कहाणी

— उपवास म्हटलं ना बाबा, उपवास! कडक. म्हणून तर सांगतेय, ह्या कढईत नको, ह्यात तू समोसे तळलेस — दुसरी कढई काढ, तेल नवं घाल, बटाट्याच्या काचऱ्या तळ तिला, आणि आधी हात धू, मनगटापर्यंत मैदा लागलाय तुझ्या. हसतोस काय? एवढ्याशा पोरीला कसला उपवास? असतो. आमच्याकडं असतो. कुठला म्हणजे — आज वार कुठला? बुधवार? मग बुधवारचाच. सकाळपासून तुमच्या ह्या वॉटरपार्कात घसरगुंड्यांवर नाचतेय, पोटात काही नाही — तिच्या भाकरीचा डबा गेटावर ठेवून घेतला तुमच्या लोकांनी, बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे. तिचा बाप गेलाय भांडायला, अजून पत्ता नाही. नाव काय तुझं? काळुराम? हां, तर काळुराम, तू कढई घास, मी तुला ह्या उपवासाची कहाणी सांगते. कहाणीवर हात भराभर चालतात. संचे, इथंच उभी राहा, पदर सोडू नको माझा.

ऐक. आटपाट कशाला, आंबिवली नगर म्हण. तिथं एक हौसाबाई नावाची म्हातारी, तिचा लेक मितेश आणि नात संचिता, अशी मंडळी राहत होती. सगळं होतं, पण नात वाढेना. जेवायची, आणि पोट नुसतं मडक्यासारखं फुगायचं, हातपाय काड्या. कुणी म्हणालं जंत, कुणी म्हणालं नजर लागली — म्हातारीनं इतक्या वेळा मीठमोहऱ्या ओवाळल्या की शेजारीण म्हणाली, हौसाबाई, तडका देता का पोरीला? मग कल्याणात एक देवी भेटली. पांढऱ्या कोटातली — हो रे, देवीच. म्हणाली, म्हातारे, हिला गहू वर्ज्य. आज नाही, उद्या नाही, जन्मभर नाही. उतू नको, मातू नको, गव्हाचा कण तिच्या पोटात घालू नको. म्हातारीनं वसा घेतला. घरातून कणकेचा डबा गेला, पोळीचा तवा गेला, लाटणंसुद्धा दिलं देऊन. पोर बाळसं धरायला लागली. आणि मग ठाकुर्लीला लग्न निघालं — तिथं मालननं, माझ्या चुलतजावेनं, म्हातारीची पाठ वळल्यावर पोरीला पुरणपोळीचा घास भरवला. एका घासानं काय होतंय म्हणाली. देवी कोपली, काळुराम. पोर ओकून ओकून चिंधी झाली, ओठ पांढरे, हाक मारली तर डोळे उघडेना — मग सलाईन लावलं — तीर्थ रे, तीर्थ म्हणायचं होतं मला. सलाईन कुठून आलं कहाणीत! तू घास कढई, माझ्याकडं असं बघू नको, कडेला बघ काय चिकटलंय —

थांब. काय दिलंस तिच्या हातात? आत्ता, हात पुसून त्या द्रोणातलं — काय होतं ते? प्रसाद? नव्या घसरगुंडीचा सत्यनारायण झाला सकाळी? अरे, म्हणजे शिरा! रव्याचा! रवा म्हणजे गहूच ना रे, काळुरामा, गहूच! प्रसादानं उपवास मोडत नाही ते मला माहीत आहे — अरे, उपवास नाहीये! खोटं बोलले मी, आजार आहे पोरीला, तोच, कहाणीतला! खरं सांगायचं होतं? सांगितलंय मी खरं. टिटवाळ्याला, देवळाबाहेरच्या हॉटेलात — बाबा, आजार आहे, तवा धू — तर पठ्ठ्यानं फडक्यानं पुसला आणि हसला. आणि माझ्या मागच्या बाईनं उपवास म्हटल्याबरोबर फळीवरची वेगळी कढई खाली काढली त्यानं. आजारासाठी तवा धुवत नाहीत रे कुणी, देवासाठी धुतात. तेव्हापासून मी देवाला पुढं करते. आणि आज त्याच देवानं — संचे! इकडं बघ. तोंड उघड. आ कर. जीभ दाखव. गिळलंस का गं? मी रागावत नाही, माझी माय, फक्त सांग, गिळलंस का? मुंडी कसली हलवतेस, बोल! पाणी दे, काळुराम — तिला दे, चूळ भरू दे. मूठ का आवळलीस? उघड. उघड गं बाय, आजी आहे ना —

आहे. सगळा आहे. बेदाण्यासकट. बोटांतून तूप ओघळलंय बघ, पण घास तस्सा आहे. प्रसादाला नाही म्हणता येईना, आणि खाता येईना, म्हणून मूठ आवळून उभी राहिली माझी पोर. भूक लागलेली असताना. आणि मी तिच्या डोक्यावरून तुला कहाणी सांगत बसले.

दे तो इकडं, मी खाते, देवाचा आहे, मला काही होत नाही. चल गं, साबणानं हात धू, नखांतसुद्धा. आणि तू — तू काय करतोयस? पुन्हा घासतोयस? लख्ख होती ती. बरं, घास. पिशवी नवी फोडलीस तेलाची? हातही धुतलेस, कोपरापर्यंत. कुणाला धुतलेस रे, देवाला की पोरीला? राहू दे, सांगू नको.

तर आंबिवली नगरात ती नात मूठ उघडून उभी राहिली, आणि म्हातारीच्या घराचं भाग्य त्या मुठीत होतं. तसं सगळ्यांचं असो. काचऱ्या गरम आहेत गं, फुंकून खा. हं.

ती खातेय, काळुराम. गप्प बस आता जरा, मला बघू दे.